डिशवॉशरच्या नेहमीच्या तक्रारी: घरच्या घरी काय करता येतं?

गारगोटी

मंडळी, आम्ही वाकडला राहतो. सोसायटीत पालिकेचं पाणी थोडं, बाकी बोअर आणि टँकर. डिशवॉशर लॉकडाऊनमध्ये घेतला, वॉरंटी कधीच संपली. गेले काही आठवडे तीन तक्रारी एकदम सुरू झाल्या आहेत. काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर बसतो. खालच्या ट्रेमधल्या ताटांना वरणाचे कण आणि मोहरी तशीच चिकटलेली असते. सायकल संपली तरी तळाशी पाणी उरतं.

टेक्निशियन आला, दार उघडून दोन मिनिटं बघितलं आणि 'मोटर बदलावी लागेल' म्हणाला. ट्रेसुद्धा बाहेर काढला नाही. सांगितलेली रक्कम नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास आहे.

माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक तक्रारी घरी सुटण्यासारख्या असतात. पण आपल्या भांड्यांचा, आपल्या पाण्याचा आणि आपल्या फोडणीचा विचार करून लिहिलेली माहिती एका जागी सापडत नाही. ज्यांनी स्वतः मशीन उघडून काही दुरुस्त केलं आहे त्यांनी इथे सविस्तर लिहावं. मोटर बदलण्याआधी मी काय काय तपासू?

रानवारा

तळाशी किती पाणी राहतंय? फिल्टरच्या खळग्यात थोडं पाणी कायम असतं आणि ते असायलाच हवं, नाहीतर आतलं सील सुकतं. पाणी जाळीच्या वर येत असेल तरच निचऱ्याची तक्रार.

गारगोटी

जाळीच्या वर, चांगलं बोटभर. वासही येतो.

माधवी_ठाणे

आधी फिल्टर! आमच्याकडे दर रविवारी निघतो. मधला गोल दंडगोल घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवून वर ओढायचा, मग खालची सपाट जाळी उचलायची. दोन्ही नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासायची. तारेची घासणी वापरू नका, जाळी फाटते आणि मग कण सरळ पंपात जातात. तुपाचा चिकट थर असेल तर गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाकून अर्धा तास भिजवा. नंतर मात्र भरपूर पाण्याने धुवा, लिक्विड आत राहिलं तर फेस होतो.

जाळीत काय सापडतं त्यावरून घरात काल काय शिजलं ते कळतं. जिरं, मोहरी, कढीपत्त्याचे देठ, भाताची शितं, चहाची पत्ती.

अप्पा_सातारकर

चहाची पत्ती सगळ्यात वाईट. गाळणं आपटून मगच आत ठेवा.

रानवारा

माधवीताईंशी सहमत. फिल्टर साफ करूनही पाणी तुंबत असेल तर पुढची पायरी पंप. मी काही वर्षं घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं काम केलं आहे, तेव्हा जरा विस्ताराने लिहितो.

सुरुवातीला प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. फिल्टर काढून तळाचं पाणी स्पंजने टिपून घ्या. आता खळग्यात एका बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण दिसेल. काही मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं, काहींत एक स्क्रू असतो. त्याच्या मागे ड्रेन पंपाची लहानशी पाती असतात. हातमोजा घालूनच बोट आत घाला, कारण तिथे सापडणारी वस्तू बहुतेक वेळा काचेचा तुकडा असते. फुटलेल्या ग्लासची कपची जाळीखाली जाते आणि पात्यात अडकते. मला तिथे चिंचोका मिळालाय, टूथपिक मिळाली आहे आणि लोणच्याच्या बरणीचं लेबल तर कितीतरी घरांत. लेबल लावलेल्या बाटल्या मशीनमध्ये धुवायच्या असतील तर कागद आधी भिजवून काढा.

पाती बोटाने फिरवून बघा. ती सरळ सुळकन फिरत नाहीत, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतात. आत चुंबक असतो म्हणून. बऱ्याच जणांना तोच बिघाड वाटतो आणि ते चांगला पंप बदलून घेतात. अजिबात फिरत नसेल किंवा ढिली होऊन हलत असेल तरच पंप गेला समजा. झाकण परत बसवताना 'खट' असा आवाज आला पाहिजे. ते नीट बसलं नाही तरी पाणी निघत नाही.

आणि गारगोटी, त्या माणसाने 'मोटर' म्हणजे नेमकं काय म्हटलं? पाणी फवारणारा मुख्य पंप वेगळा आणि पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप वेगळा. दोघांच्या किमतीत खूप फरक असतो. विचारून घ्या.

सह्यकडा

रानवारा, एक नंबर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

निंबोणी

पंपाआधी पाईप बघा असं मी म्हणेन. पंप उघडायला सगळ्यांना धीर होत नाही, पाईप कुणीही बघू शकतं. सिंकखालच्या कपाटात पिशव्या, बादली, कांद्याची टोपली कोंबली की ड्रेन पाईप दुमडतो. पाईप सिंकच्या नळीला जिथे जोडलाय तिथे चरबीचा बोळाही बसतो. तोंड काढून बादलीत धरा आणि फक्त ड्रेन चालवा. बहुतेक मशीनमध्ये स्टार्टचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की आधीचा प्रोग्रॅम रद्द होतो आणि मशीन पाणी फेकतं. बादलीत जोरात धार आली तर पंप ठणठणीत, चूक सिंकच्या बाजूला.

रानवारा

निंबोणी, बरोबर. क्रम तुमचाच घ्यावा: फिल्टर, पाईप, मग पंप.

पाटील_न्यूजर्सी

इकडचा एक प्रकार सांगतो. इथे सिंकखाली उष्टं दळणारं गार्बेज डिस्पोजल असतं आणि डिशवॉशरचा पाईप त्यालाच जोडतात. नवीन डिस्पोजलच्या त्या तोंडावर आतून प्लास्टिकची चकती असते, ती ठोकून काढावी लागते. बसवणारा विसरला की डिशवॉशर पहिल्या दिवसापासून तुंबतो आणि दोष मशीनला. आमच्या ओळखीत एकांच्या घरी नवीन डिशवॉशर परत पाठवायची वेळ आली होती, शेवटी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने काम झालं.

दुसरं म्हणजे इथे मशीनला गरम पाण्याची लाईन असते. नळात आधी थंड पाणी साठलेलं असतं, म्हणून सुरू करण्याआधी सिंकचा गरम नळ थोडा वेळ सोडावा लागतो. भारतात मशीन थंड पाणी घेऊन आत तापवतं, तिथे हे लागू नाही.

तिखटमीठ

पांढऱ्या थराबद्दल कुणीच बोललं नाही. मीठ संपलंय का बघा. आणि एक प्रश्न: ते डिशवॉशरचं मीठ एवढं महाग का? शेवटी सोडियम क्लोराईडच ना? आमचे शेजारी जाडं खडे मीठ टाकतात, अजून तरी मशीन चालू आहे.

इंद्रधनू

नका टाकू! मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे याबद्दल कळकळीने लिहिते.

मीठ भांड्यांवर पडतच नाही. मशीनच्या तळात रेझिनचे बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते मणी धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांच्यावरून जातं आणि ते पुन्हा मोकळे होतात. म्हणून या मिठात सोडियम क्लोराईडखेरीज दुसरं काही नको. खडे मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि माती असते, म्हणजे जे काढायचं तेच आपण आत ओततो. घरातल्या बारीक मिठात आयोडीनसाठी घातलेला क्षार आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर असते. शिवाय बारीक मिठाचा ओलसर दगड होतो आणि पाणी त्यातून जात नाही. बिघाड लगेच दिसत नाही, शेजाऱ्यांचं मशीन चालू आहे ते त्यामुळेच.

आणखी एक. मीठ भरताना थोडं खारं पाणी तळाला सांडतंच. भरलं की लगेच मशीन लावा. खारं पाणी रात्रभर राहिलं तर स्टीलला गंजाचे ठिपके पडतात. झाकणाच्या आट्यांतले दाणे पुसून मगच घट्ट करा.

सह्यकडा

आमच्या टेक्निशियनने टीडीएस मीटर बुडवून ६०० दाखवलं आणि 'पाणीच खराब आहे, मशीनचं काही होणार नाही' म्हणाला. हे खरं का?

इंद्रधनू

टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार. आपल्याला हवा हार्डनेस, म्हणजे त्यातला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भाग. टीडीएस जास्त असून हार्डनेस कमी असू शकतो. हार्डनेसच्या कागदी पट्ट्या मिळतात किंवा सोसायटीने पाण्याची लॅब टेस्ट केलेली असते, तो रिपोर्ट मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे पाणी पिण्यायोग्य असूनही काचेवर थर बसू शकतो.

युरोपीय बनावटीच्या मशीनच्या पुस्तिकेत हार्डनेस बहुतेक वेळा जर्मन अंशांत असतो. रिपोर्टमधल्या आकड्याला १७.८ ने भागा. ४०० असेल तर साधारण २२ अंश. त्यानुसार मशीनमधलं सेटिंग बदला. कारखान्यातून मशीन येतं तेव्हा ते मधल्या कुठल्यातरी आकड्यावर असतं आणि बसवून देणारा बहुधा त्याला हात लावत नाही. बोअरच्या पाण्याला ते पुरत नाही. गारगोटी, मीठ भरलेलं असूनही थर येत असेल तर चूक इथेच असण्याची शक्यता मोठी.

माधवी_ठाणे

आमच्याकडे उलट. धरणाचं पाणी, अगदी मऊ. तरी ग्लास धुरकट झालेत आणि कशानेच निघत नाही.

इंद्रधनू

माधवीताई, ग्लासवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळून बघा. साफ झाला तर क्षार. तसाच राहिला तर काच झिजली आहे, आणि ते परत येत नाही. मऊ पाण्यात डिटर्जंट जास्त पडलं की काच झिजते. सेटिंग शून्यावर आणा, टॅब्लेटऐवजी पावडर थोडी घाला, ग्लास कमी तापमानाच्या प्रोग्रॅमला लावा. ठाण्याचं पाणी आणि वाकडचं पाणी यांना एकच सल्ला लागू होत नाही.

माधवी_ठाणे

निघालं नाही. म्हणजे झिजलेच. आजच सेटिंग बदलते, निदान नवीन ग्लास तरी वाचतील.

पाटील_न्यूजर्सी

अमेरिकेत २०१० मध्ये सोळा राज्यांनी डिशवॉशरच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंदी आणली. नदी-तलावांत शेवाळ माजत होतं म्हणून. त्यानंतर घरोघरी ग्लासांवर पांढरा थर दिसू लागला आणि लोक मशीन बदलायला निघाले. मशीनचा काही संबंध नव्हता, पावडर बदलली होती. तेव्हापासून आमच्याकडे रिन्स एडशिवाय (शेवटच्या धुण्यात पडणारं, भांड्यांवरचं पाणी निथळवणारं द्रव) मशीन लागत नाही.

धोंडू_पेठकर

हे सगळं वाचून प्रश्न पडला, हाताने भांडी घासणं सोपं नाही का? दहा मिनिटांचं काम.

निंबोणी

धोंडूकाका, आठ माणसांच्या घरात रात्रीची भांडी रोज घासून बघा आणि मग घड्याळ बघून सांगा.

धोंडू_पेठकर

माघार घेतो. :)

कृष्णाकाठ

थोडं अवांतर, पण निंबोणीच्या बाजूने. कामात येईल असं डिशवॉशर पहिल्यांदा एका बाईनेच बनवलं, जोसेफिन कॉक्रेन. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली. १८८६ साली तिला पेटंट मिळालं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रं वापरात होती. भांडी जागेवर धरणारी तारांची चौकट आणि खालून जोरात पाणी, ही तिची मूळ कल्पना आजही तशीच आहे. म्हणून भांडी कशी लावली यावर सगळं अवलंबून असतं.

तिखटमीठ

कृष्णाकाठ, भारी माहिती. आणि हो, खडे मीठ बाद. शेजाऱ्यांनाही सांगून आले.

अप्पा_सातारकर

भांडी लावण्यावर आलोच आहोत तर लिहितो. ही मशीनं पाश्चात्त्य प्लेटांसाठी बनलेली. आपलं मोठं ताट खालच्या ट्रेमध्ये उभं केलं की वरचा पंखा, म्हणजे पाणी फवारत फिरणारा भोकांचा दांडा, अडतो. मशीन लावण्याआधी दोन्ही पंखे हाताने एकेक फेरी फिरवून बघा. कशाला लागत असतील तर ते भांडं हलवा. डाव, पळी, झारा यांचे दांडे खालून बाहेर येतात आणि पंखा त्यावर ठक ठक आपटत राहतो किंवा थांबतो. मग एकाच कोपऱ्यातली भांडी धुतली जातात. वाट्या एकात एक घालू नका, तिरक्या पालथ्या ठेवा.

टॅब्लेटचं झाकण उघडलं नाही, टॅब्लेट अर्धी तशीच राहिली, अशा तक्रारींत बहुतेक वेळा झाकणासमोर ताट किंवा कढईचा कान आलेला असतो.

रानवारा

अप्पा, त्यात भर. पंख्यांची भोकं बघा. मोहरीचा दाणा त्या भोकात इतका चपखल बसतो की बाहेरून दिसतही नाही. पंखा काढा (खालचा वर ओढला की निघतो, वरच्याला बहुधा फिरकी असते), कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ वाजलं तर दाणे आहेत. टूथपिकने भोकं मोकळी करा, मग पंखा नळाखाली धरून पाणी आरपार जातंय ना बघा. क्षाराचा थर असेल तर सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवा. गारगोटींच्या खालच्या ट्रेचं दुखणं मला इथेच वाटतं.

मशीनच्या आतले क्षारही लिंबूसत्त्वाने जातात. मशीन पूर्ण रिकामं, डिटर्जंट नाही, अर्धी वाटी तळाला टाकून सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावा. मिठाच्या डब्यात चुकूनही टाकू नका. आणि आम्लाबरोबर ब्लीच कधीही नको, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

गौरी_मडगाव

माझा प्रश्न वेगळा. पहिल्याच धुण्यात ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडला. मशीन बिघडलं का?

इंद्रधनू

नाही. डिटर्जंट अल्कधर्मी असतं, ते ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खातं. कुकर आमसुलाच्या किंवा लिंबाच्या सालींच्या पाण्यात उकळा, बराच उजळेल. पुढे ॲल्युमिनियम, बिडाची कढई, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट आणि तांब्या-पितळेची भांडी बाहेरच ठेवा. हार्ड ॲनोडाइज्डसुद्धा. स्टील, काच, चिनी माती बिनधास्त.

गौरी_मडगाव

देव बरें करूं! आणि हळदीने पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे?

इंद्रधनू

उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन-तीन दुपारीत फरक दिसेल.

सह्यकडा

प्लास्टिक ओलंच का राहतं? स्टील मात्र कोरडं.

रानवारा

बहुतेक मशीनमध्ये गरम हवेचा पंखा नसतो. शेवटचं धुणं गरम पाण्याने होतं आणि भांड्यातल्या उष्णतेवर पाणी उडतं. स्टील आणि चिनी माती ती उष्णता धरून ठेवतात, प्लास्टिक धरत नाही. रिन्स एड भरा आणि सायकल संपली की दार थोडं उघडं ठेवा.

मी_नाशिककर

आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर. मशीन पाणीच घेत नाही, नळाचं चिन्ह लुकलुकतं. खालच्या मजल्यावर याच मशीनला काही त्रास नाही.

निंबोणी

दाब कमी आहे. पुष्कळ मशीनना किमान अर्धा बार लागतो, म्हणजे टाकी नळापेक्षा साधारण पाच मीटर उंच हवी. वरच्या मजल्याला ती मिळत नाही, प्रेशर पंप लागेल. पण त्याआधी नळ बंद करून इनलेट पाईप मशीनकडून आणि नळाकडून सोडवा. तोंडाशी बारीक जाळी असते, टँकरच्या पाण्याची रेती तिथे अडकते. पक्कडीने अलगद काढून धुवा.

मी_नाशिककर

रेतीच होती! जाळी पूर्ण बुजलेली. धुतल्यावर पाणी घेतंय, पण भरायला वेळ लागतोय. प्रेशर पंपाचं सोसायटीत विचारतो.

गारगोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपार मशीनसमोर बसून काढली. निंबोणींची बादलीची चाचणी केली, धार अगदी बारीक. मग पंपाचं झाकण उघडलं, आत काचेची कपची आणि तिच्याभोवती कागदाचा लगदा. काढल्यावर बादलीत धो धो पाणी आलं. खालच्या पंख्याच्या पाच भोकांत मोहरी होती. सोसायटीच्या रिपोर्टमध्ये हार्डनेस ४२० निघाला आणि मशीनचं सेटिंग १० अंशांवर होतं, ते २४ वर नेलं. रात्रीची ताटं स्वच्छ निघाली. ग्लासांचा थर अजून आहे, पण लिंबाने पुसला जातोय, म्हणजे काच शाबूत. आज लिंबूसत्त्व लावतो.

टेक्निशियनला फोन करून मोटर नको म्हणून कळवलं.

अप्पा_सातारकर

वा! अभिनंदन. त्यालाही हा धागा पाठवा.

कृष्णाकाठ

एक विचारायचं राहिलं. मशीन सुरू करून वीसेक मिनिटं झाली, पाणी तापायची वेळ आली की घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. प्रत्येक वेळी तिथेच. हेही घरी बघता येईल का?

रानवारा

नाही, इथे हात लावू नका. तापतानाच पडतोय म्हणजे हीटरमधून किंवा त्याच्या वायरिंगमधून करंट अर्थला जातोय. ईएलसीबी काढून किंवा दुसऱ्या सर्किटवर लावून चालवू नका, तो पडतोय म्हणून तुम्ही सुरक्षित आहात. प्लग काढून ठेवा आणि जाणकार माणसाकडून हीटरचं इन्सुलेशन तपासून घ्या. तो येईल तेव्हा मशीन पुढे ओढून खालच्या वायरी आणि मागचा पाईपही बघायला सांगा. तळमजला किंवा जुनी इमारत असेल तर उंदीर दोन्ही कुरतडतात. तुम्ही कितव्या मजल्यावर?

कृष्णाकाठ

तळमजला, आणि मागे गोदाम आहे. प्लग काढला. उद्या इलेक्ट्रिशियनला बोलावतो आणि काय निघालं ते इथेच लिहितो.